बारा पॉइंट पाच म्हणजे नेमकं किती? प्रोग्राममधल्या संख्यांचे नियम नीट शब्दांत कसे लिहावेत

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात शेतकऱ्यांच्या गटासाठी मी कापूस खरेदीची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. सोबत चार पानांचं सूचनापत्रक होतं. त्यात एक ओळ अशी होती: "वजन क्विंटलमध्ये, दशांशात भरावे. उदा. १२.५०." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काट्यावर बसणाऱ्या पोराचा फोन आला. "भाऊ, बारा क्विंटल पाच किलो माल होता. म्या बारा पॉइंट पाच टाकलं. पट्टीत पैसे जास्त दिसून रायले."

बारा क्विंटल पाच किलो म्हणजे १२.०५. त्यानं टाकलं १२.५, म्हणजे बारा क्विंटल पन्नास किलो. पंचेचाळीस किलोंचा फरक. क्विंटलला ७,००० रुपये भाव धरला तर ८४,३५० रुपयांऐवजी ८७,५०० रुपये. एका पट्टीत, म्हणजे मालाच्या हिशोबाच्या एका पावतीत, ३,१५० रुपये जास्त गेले, आणि उलट झालं असतं तर तेवढे एखाद्या कास्तकाराच्या खिशातून गेले असते.

प्रोग्रामचं गणित बरोबर होतं. पोरानंही वाचलं तसंच केलं होतं. चुकलं ते माझं वाक्य, आणि त्याहून जास्त चुकलं ते त्यातलं उदाहरण. तेव्हापासून संख्यांबद्दल लिहिताना जी पद्धत मी पाळतो, ती इथं सविस्तर देतो. तुम्ही लायब्ररीचं, म्हणजे इतर प्रोग्रामरांनी वापरायच्या तयार कोडचं, डॉक्युमेंटेशन लिहीत असा किंवा सेवा केंद्रातल्या ऑपरेटरसाठी सूचना, पद्धत तीच आहे.

एक खुलासा आधीच करतो. या लेखातली सगळी उदाहरणं देवनागरी अंकांत आहेत. कोडमध्ये लिहिताना अंक अर्थातच इंग्रजी येतील.

पहिली पायरी: शब्द ठरवा आणि मग बदलू नका

आपल्याकडे 'नंबर' हा शब्द सगळं काम करतो. मोबाईल नंबर, गट नंबर, पट्टीचा नंबर, "दोन नंबर पुढे घे". डॉक्युमेंटेशनमध्ये हे चालत नाही. मी चार शब्द वेगळे ठेवतो. 'अंक' म्हणजे ० ते ९ मधलं एकच चिन्ह. 'संख्या' म्हणजे जिची बेरीज-वजाबाकी होते ती. 'रक्कम' म्हणजे पैशाची संख्या. 'क्रमांक' म्हणजे जो फक्त ओळख पटवायला असतो, ज्याची बेरीज कोणी करत नाही.

'दशांश' शब्दातही खोच आहे. शाळेत दशांश म्हणजे दहावा भाग, शिवाय टिंबानंतरच्या सगळ्या भागालाही आपण दशांशच म्हणतो. म्हणून "दोन दशांश" असं न लिहिता "दशांश चिन्हानंतर दोन अंक" असं लिहा. दोन शब्द जास्त लागतात, पण वाचणाऱ्याला मोजायला कुठून सुरुवात करायची ते कळतं. संख्येच्या नियमात हे सांगणं सर्वांत महत्त्वाचं: मोजणी कुठून सुरू, कुठे संपते, आणि टिंब, स्वल्पविराम, उणे चिन्ह त्यात धरायचं की नाही.

'राउंड फिगर' हा बाजारातला शब्द मी सूचनापत्रकातून पूर्ण काढला. अडत्याच्या तोंडी राउंड फिगर म्हणजे कधी पूर्ण रुपया, कधी दहा, तर कधी शंभर. "जवळच्या पूर्ण रुपयापर्यंत" असं लिहिलं की वाद उरत नाही.

दुसरी पायरी: आत काय आहे, दिसतं काय, भरायचं काय

एकाच संख्येला तीन अंगं असतात. प्रोग्रामच्या आत साठवलेली किंमत, पडद्यावर किंवा कागदावर दिसणारं रूप, आणि माणसानं टाइप करायचं रूप. संख्यांच्या डॉक्युमेंटेशनमधला बहुतेक गोंधळ ही तीन अंगं एकाच वाक्यात कोंबल्यानं होतो. "रक्कम दोन दशांशात असते" या वाक्यात 'असते' म्हणजे साठवलेली असते, दिसते, की भरावी लागते?

क्रियापद वेगळं वापरा. साठवलेल्या किमतीसाठी 'साठवली जाते', दिसणाऱ्यासाठी 'दिसते', भरण्यासाठी 'भरा'. म्हणजे असं: "रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून साठवली जाते. पट्टीवर ती रुपयांत, दशांश चिन्हानंतर दोन अंकांसह दिसते. भरताना फक्त रुपये भरा, स्वल्पविराम टाकू नका."

पैसे पूर्णांकात का साठवायचे, हेही एका ओळीत सांगावं, नाहीतर पुढचा प्रोग्रामर ते 'सुधारून' टाकतो. संगणक साध्या दशांश संख्या बहुधा द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ठेवतो, आणि ०.१ सारखी संख्या त्या पद्धतीत तंतोतंत बसत नाही. म्हणून बऱ्याच भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. ही चूक त्या भाषेची नव्हे. संगणकात दशांश संख्या कशा ठेवायच्या याचं आयट्रिपलई ७५४ हे मानक १९८५ साली ठरलं. त्यातली ६४ बिटांची द्विमान पद्धत जिथं वापरली जाते तिथं हेच घडतं.

वजनाच्या बाबतीत मी भरण्याचं रूपच बदललं. एका चौकटीऐवजी दोन: 'क्विंटल' आणि 'किलो'. किलोच्या चौकटीत ० ते ९९. आता टिंब कुठे द्यायचं हा प्रश्नच पडत नाही. नियम समजावायला अर्धं पान लागत असेल तर आधी नियमच सोपा करता येतो का ते पाहा, नंतर लिहायला बसा.

जमिनीच्या क्षेत्रात हे आणखी नाजूक होतं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. शंभर आरचा एक हेक्टर, म्हणून १ हेक्टर ५ आर म्हणजे १.०५, शून्य विसरलं नाही तर टिंबाचं गणित जुळतं. पण बांधावर लोक एकर-गुंठ्यात बोलतात, आणि एका एकरात गुंठे असतात चाळीस. "एक एकर दहा गुंठे" कोणी १.१० लिहिलं आणि प्रोग्रामनं ते दशांश म्हणून घेतलं, तर तो समजतो एक एकर चार गुंठे. खरं उत्तर १.२५ एकर. इथं दशांश भरायला सांगणं हीच चूक आहे. दोन चौकटी द्या, आणि सूचनेत स्पष्ट लिहा: "गुंठे ० ते ३९ मध्ये भरा. ४० गुंठे झाले की एकर एकने वाढवा."

तिसरी पायरी: निवाड्याचं उदाहरण द्या

बाकी काही विसरलात तरी ही पायरी सोडू नका.

प्रत्येक नियमाचे वाचणाऱ्याच्या मनात दोन-तीन अर्थ होऊ शकतात. ज्या उदाहरणात त्या सगळ्या अर्थांचं उत्तर एकच येतं, ते उदाहरण निरुपयोगी. ज्यात प्रत्येक अर्थाचं उत्तर वेगळं येतं, ते निवाडा करतं. माझं '१२.५०' निवाडा करत नव्हतं. टिंबानंतर किलो जसेच्या तसे लिहायचे असं मानणाराही बारा क्विंटल पन्नास किलोंसाठी तेच लिहील, आणि शंभरावा भाग समजणाराही तेच. १२.०५ दिलं असतं तर त्या पोराला शून्य दिसलं असतं आणि तो क्षणभर थांबला असता.

उदाहरण असं शोधा. आधी नियम लिहा. मग तो चुकीचा समजणारा माणूस डोळ्यांपुढे आणा आणि तो काय समजेल ते कागदावर लिहा. मग अशी संख्या शोधा जिथं तुमचं उत्तर आणि त्याचं उत्तर वेगळं येतं. ती उदाहरणात घ्या. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत मी हेच करत जाणार आहे.

स्वल्पविराम कुठे

आपण शेवटचे तीन अंक सोडून पुढे दोन-दोनचे गट करतो: १२,३४,५६७. अमेरिका-इंग्लंडकडची पद्धत तीन-तीनची: १,२३४,५६७. जर्मनीत स्वल्पविराम आणि टिंबाची अदलाबदल होते, तिथं तीच संख्या १.२३४.५६७ दिसते आणि दशांशासाठी स्वल्पविराम येतो. दशांश चिन्ह म्हणून टिंब आणि स्वल्पविराम दोन्ही चालतील असं वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं २००३ साली ठरवलं. म्हणून जगभरच्या लोकांसाठी लिहिताना "नेहमीची पद्धत" हे शब्द वापरू नका. कोणाची नेहमीची?

इथं निवाड्याचं उदाहरण कोणतं? १२,३४५ नव्हे. ९९,९९९ पर्यंत आपली आणि पाश्चात्त्य पद्धत सारखीच दिसते. फरक १,००,००० पासून पडतो. तरी मी एक लाख हे उदाहरण घेत नाही, कारण शून्यांच्या रांगेत स्वल्पविराम मोजताना डोळा फसतो. बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट घ्या. प्रत्येक अंक वेगळा, म्हणून कोणता अंक कुठे गेला ते लगेच दिसतं.

प्रोग्रामरसाठी लिहीत असाल तर "स्वल्पविराम टाकता येतात" एवढं पुरत नाही. पायथॉन भाषेत संख्या छापण्याच्या मांडणीत स्वल्पविरामाचं चिन्ह दिलं की गट तीन-तीनचे पडतात, लाख-कोटीचे पडत नाहीत. जावाच्या डेसिमल-फॉरमॅटमध्ये नमुन्यात कितीही स्वल्पविराम टाका, तो फक्त शेवटच्या गटाची लांबी घेतो आणि तीच सगळीकडे लावतो. आपल्यासारखा नमुना हौसेनं लिहून पाहणाऱ्याला हे कुठे सांगितलं नसेल तर त्याचा अख्खा दिवस जातो. जावास्क्रिप्टमध्ये मात्र भारतीय इंग्रजीची स्थान-सांकेतिका (भाषा आणि देश सांगणारी खूण), म्हणजे 'ईएन-आयएन', दिली की १२,३४,५६७ सरळ मिळतं. अशा मर्यादा तळटीपेत लपवू नयेत, त्या नियमाच्या शेजारच्या ओळीत हव्यात.

किती अंक, आणि कुठले

"दोन अंकी अचूकता" हे डॉक्युमेंटेशनमधलं सर्वांत फसवं वाक्य आहे. त्याचे दोन अर्थ सरळ समोर येतात: टिंबानंतर दोन अंक, किंवा डावीकडून मोजून एकूण दोन अर्थपूर्ण अंक. गंमत म्हणजे भाषांतही दोन्ही आहेत आणि शब्द एकच. पायथॉनच्या मांडणीत 'एफ' प्रकारासोबत दिलेला आकडा टिंबानंतरचे अंक सांगतो, तर 'जी' प्रकारासोबत तोच आकडा एकूण अर्थपूर्ण अंक सांगतो. जावास्क्रिप्टमध्ये टू-फिक्स्ड आणि टू-प्रिसिजन ही त्याच दोन कामांची दोन नावं. उदाहरण १२.३४७ घ्या. पहिल्या अर्थानं १२.३५, दुसऱ्यानं नुसतं १२.

'रुंदी' हा शब्दही असाच. सी भाषेतल्या प्रिंट-एफमध्ये टक्का चिन्ह, ६, टिंब, २, एफ असं लिहिलं की नवा मुलगा समजतो: टिंबाआधी सहा अंक, नंतर दोन. खरं म्हणजे सहा ही एकूण रुंदी, तीत टिंब, उणे चिन्ह आणि नंतरचे दोन अंक सगळं आलं. शिवाय ती किमान रुंदी आहे, कमाल नव्हे. म्हणून दोन उदाहरणं लागतात. ३.१४१५९ दिलं तर पुढे दोन मोकळ्या जागा आणि मग ३.१४. १२३४५.६७८ दिलं तर १२३४५.६८, म्हणजे आठ जागा, काहीही कापलं जात नाही. दुसरं उदाहरण नसेल तर कोणी तरी या रुंदीच्या भरवशावर पट्टीचे रकाने आखतो, आणि मोठी रक्कम आली की अख्खी ओळ सरकते.

वाक्य असं जमेल: "रुंदी म्हणजे उत्तर कमीत कमी किती जागा घेईल ते. उत्तर लहान असेल तर डावीकडे मोकळी जागा भरली जाते. मोठं असेल तर पूर्ण छापलं जातं." तिसरं वाक्य बहुतेक लोक लिहीत नाहीत.

राउंडिंग: इथं घाई करू नका

राउंडिंगच्या नियमात चार गोष्टी सांगायच्याच: कुठपर्यंत, अर्ध्यावर आलं तर कुणीकडे, उणे संख्येचं काय, आणि कोणत्या टप्प्यावर.

अर्ध्याचा प्रश्न घ्या. शाळेत आपण शिकलो की ५ असेल तर वर न्यायचं. पायथॉन ३ मध्ये राउंड केलं तर २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४, कारण तिथं अर्ध्यावरची संख्या जवळच्या सम संख्येकडे जाते. जावास्क्रिप्टचं मॅथ-राउंड २.५ चे ३ करतं, पण उणे २.५ चे उणे २. एक्सेलचं राउंड उणे २.५ चे उणे ३ करतं. तिन्ही आपापल्या नियमानं बरोबर. म्हणून २.७ हे उदाहरण इथं फुकट जातं, तिथं सगळ्यांचं उत्तर ३ च. २.५, ३.५ आणि उणे २.५ ही तिन्ही द्या.

आणखी एक खोल खड्डा आहे. पायथॉनमध्ये २.६७५ दोन अंकांपर्यंत राउंड केलं तर २.६७ येतं. इथं सम-विषमाचा संबंध नाही. २.६७५ संगणकात साठतानाच किंचित कमी साठलं, म्हणजे ते अर्ध्यावर कधी नव्हतंच. डॉक्युमेंटेशनमध्ये "५ असल्यास वर" एवढंच लिहिलं असेल तर वाचणारा तुमच्या प्रोग्रामला खोटं ठरवेल, आणि त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. पैसे पूर्णांकात साठवले असतील तर ही वेळच येत नाही, म्हणून मघाचं कारण लिहिणं जरुरीचं.

टप्प्याचा प्रश्न काट्यावर रोजचा. तीन पट्ट्यांवर प्रत्येकी १०.४५ रुपये तोलाई कापायची आहे. प्रत्येक पट्टी पूर्ण रुपयात केली तर १० अधिक १० अधिक १०, एकूण ३०. आधी बेरीज केली तर ३१.३५, म्हणजे ३१. एक रुपया कुठे गेला हे विचारायला माणूस गावातून चालत येतो, आणि त्याला उत्तर देता आलं पाहिजे. सूचनापत्रकात लिहा: "प्रत्येक पट्टीची कपात आधी जवळच्या पूर्ण रुपयापर्यंत नेली जाते, मग बेरीज होते. त्यामुळे एकूण कपात आणि मूळ आकड्यांची बेरीज यांत काही रुपयांचा फरक पडू शकतो." आणि खाली हेच १०.४५ चं उदाहरण.

'पर्यंत' म्हणजे धरून की सोडून

भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत कापसातला ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, ८ च्या वर १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि १२ च्या वर माल घेत नाहीत. हा नियम प्रोग्रामात उतरवताना दोन प्रश्न येतात. बरोबर १२ आला तर? 'पर्यंत'मध्ये १२ धरलेला आहे हे बोलताना आपल्याला कळतं, पण "८ ते १२" लिहिलं की ८ कोणत्या गटात ते कळत नाही. म्हणून ही वाक्यं मी लांब लिहितो: "८ किंवा त्याहून कमी: कपात नाही. ८ पेक्षा जास्त आणि १२ किंवा त्याहून कमी: कपात. १२ पेक्षा जास्त: माल नाकारला जातो."

दुसरा प्रश्न जास्त जिवाला लागणारा. यंत्रानं १२.०४ मोजलं, पडद्यावर एकच दशांशस्थळ दाखवलं, म्हणजे दिसलं १२.०, आणि खाली लाल अक्षरांत 'नाकारले'. समोरचा कास्तकार म्हणणारच, "अरे, बारा तं दिसून रायला, मंग कायले नाकारता?" तुलना मूळ किमतीशी होते की दिसणाऱ्या रूपाशी, हे डॉक्युमेंटेशनमध्ये आलंच पाहिजे. माझं मत ठाम आहे: माणसाच्या पैशाचा निर्णय जिच्यावर ठरतो ती संख्या पडद्यावर जशी दिसते तशीच तुलनेला घ्यावी. ते शक्य नसेल तर निदान निर्णय ज्या अंकामुळे बदलला तो अंक दाखवावा.

टक्क्यांबद्दल एवढंच: ५ टक्के भरायचे म्हणजे ५ लिहायचं की ०.०५, ते सांगा. निवाड्याला ०.५ टक्के हे उदाहरण घ्या.

जे नंबर संख्या नाहीत

आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक, मोबाईल, पिनकोड, गट क्रमांक. यांच्यावर कोणी गणित करत नाही, पण ते अंकांत असतात म्हणून प्रोग्राम त्यांना संख्या समजतो. एक्सेल पंधरा अर्थपूर्ण अंकांपर्यंतच संख्या धरतो. सोळा अंकी खाते क्रमांक साध्या चौकटीत टाकला तर शेवटचा अंक शून्य होतो, आणि चौकट रुंद केली तरी तो परत येत नाही. बारा अंकी आधार क्रमांक 'ई अधिक ११' अशा शास्त्रीय रूपात दिसू लागतो. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळतात. आणि गट क्रमांक १२/१ टाकला की त्याची १२ जानेवारी होते. एका रकान्याला मी स्वतः 'सातबारा' म्हणून ७/१२ असं नाव दिलं होतं. फाइल पुन्हा उघडली तेव्हा तिथं ७ डिसेंबर बसला होता.

अशा प्रत्येक रकान्यापुढे लिहा: "हा क्रमांक मजकूर म्हणून साठवला जातो. सुरुवातीचं शून्य आणि तिरकी रेघ जशीच्या तशी राहते." आणि वाचणाऱ्याला क्रिया सांगा: एक्सेलमध्ये डेटा टाकण्याआधी रकाना निवडून त्याचा प्रकार 'टेक्स्ट' करा. 'आधी' हा शब्द ठळक करा. नंतर प्रकार बदलून गेलेला अंक येत नाही.

शून्य, रिकामं आणि निरंक

सरकारी तक्त्यात 'निरंक' लिहायची आपल्याला सवय आहे. निरंक म्हणजे माहिती घेतली आणि काही निघालं नाही. रिकामी चौकट म्हणजे माहितीच घेतली नाही. सरासरी काढताना या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तुमचा प्रोग्राम रिकाम्या चौकटीला शून्य धरतो का, आडवी रेघ दाखवतो का, हे एका ओळीत लिहा. उणे रकमेचंही तसंच. हिशोबनीस कंस वापरतात, प्रोग्रामर उणे चिन्ह. कोणतं वापरलं ते सांगून मोकळे व्हा.

अंक कोणते: मराठी की इंग्रजी

जावास्क्रिप्टमध्ये मराठीची स्थान-सांकेतिका 'एमआर-आयएन' दिली की उत्तर देवनागरी अंकांत येतं. हिंदीची दिली तर इंग्रजी अंकांत, कारण या सांकेतिकांमागच्या माहितीसाठ्यात दोन भाषांचे मूळ अंक वेगळे ठरवले आहेत. हे ठाऊक नसलेला माणूस हिंदीचं उदाहरण पाहून मराठीत तेच होईल असं धरून चालतो.

परत वाचतानाही फरक आहे. पायथॉन '१२३' हे देवनागरी अक्षरांतलं सरळ एकशे तेवीस म्हणून वाचतो. जावास्क्रिप्टचं 'नंबर' हे फंक्शन त्याला संख्याच मानत नाही. म्हणून "मराठीला पाठिंबा आहे" असं मोघम लिहू नका. दाखवताना आहे की भरताना, ते वेगळं सांगा.

आणि एका पानावर दोन्ही अंक मिसळू नका. देवनागरी १ घाईत पाहिला तर इंग्रजी नवासारखा दिसतो, देवनागरी ४ इंग्रजी आठासारखा. काट्याच्या खोलीतल्या मिणमिणत्या बल्बखाली हे सहज घडतं.

चुकीचा संदेश हेही डॉक्युमेंटेशनच आहे

सूचनापत्रक कपाटात जातं, संदेश समोर असतो. 'अवैध इनपुट' यातून ऑपरेटरला काय करायचं ते कळत नाही. त्याऐवजी: "किलो ० ते ९९ मध्ये हवेत. तुम्ही १०५ लिहिले आहेत. १०० किलो झाले की क्विंटल एकने वाढवा." काय हवं, काय मिळालं, आता काय करायचं, या क्रमानं. शब्द सूचनापत्रकातलेच वापरा. तिथं 'किलो' आणि इथं 'कि.ग्रॅ.' असं नको.

लिहून झाल्यावर

कोड न दाखवता, फक्त तुमचं पान एखाद्या माणसाच्या हाती द्या. पाच कच्च्या संख्या सांगा आणि उत्तरं हातानं लिहायला सांगा. मग प्रोग्रामची उत्तरं शेजारी ठेवा. जिथं जुळलं नाही तिथं पान चुकलं असं समजा, माणसाला दोष देऊ नका. यासाठी प्रोग्रामर नकोच. मापारी, सेवा केंद्रातली ताई, दहावीतला पोरगा, कोणीही चालतो.

एकदा तरी पान फोनवर वाचून दाखवा. गावातली निम्मी मदत फोनवरच होते, आणि मराठीत संख्या बोलताना एकक आधी येतो: पंचवीस म्हणजे पाच आणि वीस. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं तेव्हा राज्यभर वाद झाला. तुमची बाजू कोणतीही असो, 'सत्तावन्न' ऐकून कोणी ७५ लिहू शकतो हे फोनवर मदत करणाऱ्या प्रत्येकानं पाहिलं आहे. म्हणून क्रमांक असेल तर "एक-एक अंक सुटा सांगा" ही सूचना पानावरच लिहा. उलट वजन-रकमेत आपले जुने शब्द फार उपयोगी पडतात. "साडेबारा क्विंटल म्हणजे १२ क्विंटल ५० किलो, सव्वाबारा म्हणजे १२ क्विंटल २५ किलो" ही ओळ कोणत्याही दशांशाच्या व्याख्येपेक्षा लवकर समजते.

प्रोग्रामरांसाठीच्या पानावर निवाड्याची उदाहरणं चालवून पाहता येतील अशी लिहा. पायथॉनमध्ये डॉकटेस्ट नावाची सोय भाषेसोबतच येते. ती डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं खरोखर चालवते आणि लिहिलेलं उत्तर आलं नाही तर तक्रार करते. राउंडिंगचा नियम कोणी बदलला आणि पान बदलायला विसरला तर ते त्याच दिवशी उघडं पडतं.

नियम बदललाच तर जुना खोडून टाकू नका. जुनी पट्टी घेऊन माणूस पुढच्या दिवाळीतही येतो. "या तारखेपर्यंतच्या पट्ट्यांत वजन एकाच चौकटीत, दशांशात. त्यानंतरच्या पट्ट्यांत क्विंटल आणि किलो वेगळे." असं दोन्ही ठेवा, तारखेसह. माझ्या त्या चार पानांची आता सहा झाली आहेत. वजनाच्या पानावर सर्वांत वर एकच उदाहरण आहे: बारा क्विंटल पाच किलो. पहिल्या चौकटीत १२, दुसऱ्या चौकटीत ५.